अक्काच्या टाचण्या

ममताचा फोन आला तेव्हा मी धारला मुंज तलावाच्या कडेनं भाजीची पिशवी घेऊन घरी निघालो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. "दादा, दीदी नहीं रहीं," एवढंच ती बोलली. मी तिथेच कठड्यावर टेकलो, पिशवीतल्या गिलक्यांकडे बघत. दीदी म्हणजे माझी थोरली बहीण वसुधा, आमची अक्का. देवासच्या एका मुलींच्या शाळेत तिनं तीस वर्षं चित्रकला शिकवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं तिथल्याच देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बॉबिन लेस विणत काढली. ममता त्याच घरात खालच्या मजल्यावर शिलाईचं काम करते. अक्काकडे लेस शिकता शिकता ती तिच्या घरचीच झाली होती. शेवटच्या सकाळी अक्काजवळ तीच होती.

दिवस आम्ही धारच्या घरी केले. तेरा दिवस माणसं येत होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द. बिचारी. बिचारी एकटीच राहिली. बिचारीला तो छंद तरी होता, वेळ जायचा. बिचारीनं फार सोसलं हो... दहाव्या दिवशी एका गृहस्थांना मी म्हणालो, "अक्का बिचारी नव्हती. या घरात तो शब्द पुन्हा काढू नका." ते चहा अर्धा टाकून निघून गेले. बायको आतून बाहेर आली, मला वाटलं आता रागावणार. तिनं कप उचलला आणि म्हणाली, "बरं झालं. वन्संना आवडलं असतं." त्या गृहस्थांनी हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे. त्यांच्यासारख्या सगळ्यांनीच वाचावं.

अक्का लेस शिकली ती धारला, पस्तिशी ओलांडल्यावर. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती आणि इंजेक्शन द्यायला सिस्टर ग्रेसी यायच्या. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, मूळच्या कोल्लमकडच्या, चाळीस वर्षं माळव्यात काढूनही हिंदी बोलताना शब्द गोल गोल करणाऱ्या. अक्का सुट्टीत देवासहून आली की त्यांना पोचवायला त्यांच्या घरापर्यंत जाई. तिथे तिनं ती उशी पाहिली. ज्यांनी ही लेस विणताना पाहिली नसेल त्यांना सांगतो: गवत ठासून भरलेली एक टणक, जाड उशी असते. तिच्यावर कागदाचा खाका, म्हणजे नक्षीप्रमाणे भोकं पाडलेला जाड कागद. दोरे गुंडाळलेल्या बोटाएवढ्या लाकडी दांड्या जोडीजोडीनं लोंबत असतात, कधी वीस, कधी ऐंशी. त्यांनाच बॉबिन म्हणायचं. त्या एकमेकींवरून टाकायच्या, पिळायच्या, की टाका झाला. मग खाक्यावरच्या भोकात टाचणी खोचायची. त्या टाचणीनं टाका जागेवर राहतो. सुई नाही, हुक नाही. दोरा, टाचणी आणि बोटं.

पहिलं वर्ष अक्कानं नुसतं वाया घालवलं, हे तिचेच शब्द. तिचा हात जड होता. फळ्यावर खडू मोडेपर्यंत दाबून लिहिणारी बाई ती. दोरा ओढला की ओढलाच. उशीवर पट्टी कशी झकास दिसे, सपाट, रेखीव! टाचण्या काढल्या की ती पापडासारखी वळून जाई. सिस्टर ग्रेसी कात्री पुढे सरकवत. एकदा मी तिला घ्यायला गेलो होतो तेव्हाचं मला आठवतंय, अक्का रडकुंडीला आली होती आणि सिस्टर तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवून सांगत होत्या, "टेंशन धागे को देने का, वसुधा. खुद नहीं लेने का. और धागे को भी उतना ही, जितना वो माँगता है." मग त्यांनी तिला जादा टाचणी दाखवली. खाक्यात तिच्यासाठी भोक नसतं. शेजारचे दोरे ओढताना एखादा सैल दोरा आत खेचला जाईल असं वाटलं की त्याच्या कडेला तात्पुरती एक टाचणी खोचायची, त्याला तेवढ्यापुरता आधार द्यायचा, आणि चार टाके पुढे जाऊन सगळं घट्ट बसलं की ती काढून घ्यायची. कुठे लावली होती ते नंतर कुणाला सांगता येत नाही. मला भाषणाची खोड. मी लगेच म्हणालो, "अक्का, माणसाच्या आयुष्यातसुद्धा अशी एखादी टाचणी..." तिनं मान वर न करता मला थांबवलं. "टाचणीला टाचणी राहू दे रे शरद. दोरा सरकू नये म्हणून लावतात. तुझं भाषण मंडळात कर."

मंडळ म्हणजे धारमधलं आमचं मराठी मंडळ. बँकेतल्या नोकरीत मी धामनोद, धर्मपुरी, राजगढ असा फिरलो आणि निवृत्त होऊन धारला स्थिरावलो, तसं मंडळाचं कार्यवाहपद माझ्या गळ्यात पडलं. दर हिवाळ्यात आम्ही तीन दिवसांचं हस्तकलेचं प्रदर्शन भरवतो. चार वर्षांपूर्वी मीच अक्काच्या मागे लागलो की तू काहीतरी दे. तिनं एक गळपट्टी आणली. पांढऱ्या सुती दोऱ्याची, वीतभर रुंद, मोगऱ्याच्या वेलाची नक्षी. सात महिने ती त्यावर बसली होती. कागदाच्या घडीतून काढून तिनं ती टेबलावर ठेवली.

परीक्षक म्हणून इंदूरहून एक बाई आल्या होत्या, कपड्यांचं मोठं दुकान असलेल्या. त्यांनी गळपट्टी उचलली, भिंगातून पाहिली, उलटून पाहिली आणि बाजूला ठेवली. "ही मशीनची आहे," त्या मला म्हणाल्या. "इतकी एकसारखी हातानं होत नाही. प्रवेशिका बाद करा." अक्का दोन हातांवर उभी होती. ती पुढे आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "एकसारखी झाली म्हणून मशीनची? वेडीवाकडी काढली असती तर बक्षीस दिलं असतंत का?" बाई हसल्या, तसलं हसू दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की हसतात. लोक जमू लागले. आणि मी, तिचा सख्खा भाऊ, मंडळाचा कार्यवाह, तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "अक्का, जाऊ दे ना. पाहुण्या आहेत त्या. वाद नको." तिनं माझा हात दंडावरून काढला. जोरात नाही, एखादी मुंगी झटकावी तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह उघडायच्या आधी ती दारात हजर. आदल्या संध्याकाळी धारहून बस धरून ती देवासला गेली होती आणि पहाटेच्या गाडीनं उशी, खाका आणि चाळीस जोड्या बॉबिन घेऊन परत आली होती. दाराशी तिनं एक खुर्ची ओढली, शेजारच्या खांबाला ती बाद झालेली गळपट्टी टांगली आणि त्याच खाक्यावर पहिल्या टाक्यापासून सुरुवात केली. तिथेच विणत बसली. दोन दिवस. जेवायलासुद्धा उठली नाही, माझ्या बायकोनं तिथेच डबा नेऊन दिला. बॉबिन एकमेकींवर आपटत राहायच्या, टक टक टक, आणि माणसं आत जायच्या ऐवजी तिच्याभोवतीच थांबायची. एका शाळकरी मुलीनं विचारलं, "आजी, ये पिन बाहर की तरफ टेढ़ी क्यों लगाई?" अक्का तिला म्हणाली, "कडेची टाचणी बाहेर झुकवून लावायची. आत झुकली तर समज, मी जास्त ओढतेय." त्या मुलीला कळलं. आम्हा कार्यकारिणीतल्या शहाण्यांना मात्र त्या दोन दिवसांत अक्का काय सांगतेय ते कळत नव्हतं, म्हणजे कळत होतं आणि आम्ही कळून घेत नव्हतो.

समारोपाला परीक्षक बाई पुन्हा आल्या. दाराशी थांबल्या, पाच मिनिटं तिचे हात पाहत राहिल्या. मग आत येऊन मला हळूच म्हणाल्या, "उत्तेजनार्थ एक देऊन टाकू." मी धावत अक्काला सांगायला गेलो, जणू मोठाच विजय! ती उठली, माझ्याबरोबर व्यासपीठापर्यंत आली. "उत्तेजन मला नको," ती म्हणाली. "माझं काम हाताचं आहे, आणि बाद केलं ती चूक झाली, एवढं माइकवर सांगा. बक्षीस कुणालाही द्या." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. माइक माझ्या हातात होता... आणि मी म्हणालो, "माइक बिघडलाय अक्का." माझा अंगठा बटणावर होता. तिनं तो पाहिला. मग वळून सभागृहाला तिनं शाळेतल्या मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात सांगितलं, "ही लेस मी विणली आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी देवासला यावं, शिकवीन." उशी काखोटीला मारली आणि गेली. माझ्या घरी नाही, सरळ बस स्टँडवर.

त्यानंतर दीड वर्ष तिनं माझा फोन घेतला नाही. बायकोचा घ्यायची. राखी पोस्टानं आली, आत चिठ्ठी नाही. पण "शिकवीन" म्हणाली होती ते तिनं खरं केलं. ममता पहिली. मग तिच्या ओळखीच्या दोघी, मग शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी. खोलीत दर रविवारी चार उशा मांडल्या जाऊ लागल्या. हे सगळं मला बायकोकडून कळे. एक दिवस तिच्याकडूनच दुसरंही कळलं. अक्काला कर्करोग आहे आणि इंदूरला केमो सुरू झाली आहे. मी त्याच दुपारी देवासला गेलो. दार उघडून ती म्हणाली, "आलास? चप्पल बाहेर काढ, टाचण्या सांडल्यात, वाकतील." एवढंच. माफी मी मागितली नाही आणि तिनं मागून घेतली नाही. मी गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचल्या.

तिसऱ्या केमोनंतर तिची बोटं बधिर झाली. आधी टोकं, मग पेरं. चहाचा कप गरम आहे की गार ते तिला कळेना. डॉक्टर तरुण होते, भले होते. "आंटीजी, सुन्न होना तो कॉमन है," ते समजुतीनं म्हणाले. अक्का त्यांना म्हणाली, "आपके यहाँ कॉमन होगा. मेरा तो सारा काम इन्हीं से है. दवा बदलिए, नहीं तो कम कीजिए." त्यांनी स्पष्ट सांगितलं की कमी केली तर परिणामही कमी होईल, दिवसही कमी मिळतील. मी मध्ये पडलो, हात जोडले, बाहेर आल्यावर तर ओरडलोच. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून ती दम घेत होती. "बोटं गेली तर जे दिवस उरतील त्यांचं मी काय करू ते सांग," ती म्हणाली. औषध कमी झालं. बोटं पूर्ण परत आली नाहीतच. बधिरपणा तिथेच थांबला, एवढंच पदरात पडलं.

बॉबिन ती उचलू शकत होती, टाकू शकत होती, टाके डोळ्यांनी मोजू शकत होती. ताण तेवढा कळत नव्हता. बाकी सगळं डोळ्यांना दिसतं, ताण बोटांनाच कळतो. तिनं नवी पट्टी उशीवर घेतली, आणि पहिल्या आठवड्यात दोनदा दोरा तोडला आणि एकदा इतका सैल सोडला की टाक्यांची नुसती जाळी झाली. मग तिनं दोन गोष्टी केल्या. जिथे एक जादा टाचणी पुरली असती तिथे तीन लावू लागली, इतक्या की उशी साळिंदरासारखी दिसे. आणि मला शेजारी बसवलं. "बोट ठेव इथे, टाचणी आणि बॉबिनच्या मधल्या दोऱ्यावर. मी ओढते. सैल असेल तर सैल म्हण, झालं की बस म्हण." मी म्हणालो, "अक्का, मला काय कळतंय?" "नोटा मोजताना खोटी नोट बोटाला कळायची ना तुझ्या? तसंच."

पहिले पंधरा दिवस मी चुकीच्या वेळी "बस" म्हणत होतो. ती चष्मा कपाळावर सारून टाचणीकडे बघे. टाचणी केसभर आत झुकलेली दिसली की म्हणे, "खोटं बोललास. उसव." आम्ही उसवत असू. दोघांना मिळून दिवसाला पेरभर काम होई. मी आठवड्यातले चार दिवस देवासला राहू लागलो. हळूहळू बोटाला काहीतरी कळायला लागलं. दोरा आधी लिबलिबीत असतो, मग जागा होतो, आणि एका क्षणी त्याला पुढे जायचं नसतं. तोच क्षण. "बस," मी म्हणे, आणि ती टाचणीकडे न बघता पुढचा टाका घेई. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा टाचणीकडे बघितलं नाही, त्या दिवशी मी जिना उतरून रस्त्यावर गेलो आणि ममताच्या दुकानाशी उभा राहून रडलो. ममतानं मशीन थांबवलं नाही. "रो लो दादा, फिर ऊपर जाना. दीदी को देर पसंद नहीं."

त्या हिवाळ्यात अक्का म्हणाली, हे प्रदर्शनात जाईल. पट्टी अर्धीच झाली होती. मंडळाचा नियम होता की वस्तू पूर्ण हवी. "पूर्ण कशाला? उशीसकट ने. टाचण्यांसकट. खाली बॉबिन लोंबू देत. मशीनला टाचण्या लागतात का ते लोक बघतील." स्वतः येण्याची ताकद तिच्यात नव्हती. देवास ते धार ती उशी मी मांडीवर घेऊन आलो, गाडीवाल्याला प्रत्येक गतिरोधकाला "भिया, आहिस्ता" म्हणत. कार्यकारिणीनं कुरकुर केली, मी उशी मधल्या टेबलावर ठेवली. समारोपाला माइक घेतला, अक्काला फोन लावून तो खिशात उभा ठेवला आणि सांगितलं. गळपट्टी हाताची होती. तिला बाद केलं ती आमची चूक होती. माइक त्या दिवशी बिघडला नव्हता, मी बंद केला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, जुनं कशाला उकरता आता?" मी म्हणालो, "माझ्यासाठी ते जुनं झालेलं नाही." टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. माणसं चुळबुळली, कुणी खोकलं. बक्षीसही मिळालं नाही, कारण नियम नियमच होता. बाहेर येऊन फोन कानाला लावला. अक्का म्हणाली, "लांबण फार लावलंस." आणि मग, "जेवलास का?"

पट्टी तिनं शेवटच्या महिन्यात पूर्ण केली. शेवटचा टाका, गाठ, कात्री, सगळं तिनं केलं. टाचण्या काढायला चार दिवस लागले, कारण बधिर चिमटीत त्या धरल्या जात नव्हत्या, आणि मला ती हात लावू देत नव्हती. एकेक टाचणी डबीत पडली की टिंग वाजे. पट्टी सुटून तिच्या तळहातावर आली. वळली नाही. सपाट राहिली. एका ठिकाणी मात्र थोडी चुणी पडली होती, सुरुवातीकडे. तिनं ती मला दाखवली. "इथे तू होतास." मी ओशाळलो, म्हणालो, उसवून परत करू या. "नाही रे. राहू दे," ती म्हणाली, आणि पट्टी घडी करून उशाशी ठेवली.

आता ती नाही. तिच्या खोलीत आम्ही तिचा फोटो लावलेला नाही. तिची उशी कपडा घालून कोपऱ्यात ठेवावी असं एका मावसबहिणीनं सुचवलं, मी ते मानलं नाही. त्या उशीवर आता ममता काम करते. गेल्या रविवारी आम्ही पाच जण होतो, चार बायका आणि सदुसष्ट वर्षांचा मी. माझी पहिली पट्टी चार बोटं झाली आहे, कडा सरळ नाही. खिडकीतून टेकडीवर चढणाऱ्या माणसांची रांग दिसत होती. घरमालक जिना चढून वर आले, दारात थांबले. आत पाच उशा, शेकडो टाचण्या आणि खाली माना घातलेली माणसं बघून जरा गोंधळले. "शरदजी," ते नम्रपणे म्हणाले, "दीदी तो अब रहीं नहीं. कमरा कब खाली कर रहे हैं आप?"

माझ्या बोटाखाली दोरा ताणलेला होता. तो सोडून मान वर करणं शक्य नव्हतं.

"खाली नहीं होगा, भिया," मी म्हणालो. "अंदर आओ तो चप्पल बाहर उतारना."